मडम खाली

आमच्या कॉलनीत मला नाव नाही. मी 'मॅडमचे मिस्टर'. बायको नांदेडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती. ती निवृत्त झाली, पण तिचं मॅडमपण काही निवृत्त झालं नाही. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, सगळे फाटकापाशी येऊन एकच विचारतात, "मॅडम आहेत का?" समोर खुर्चीत मी बसलेलो असतो, तरीही. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. जन्मभर उंच स्टुलावर बसून कालव्यांचे नकाशे काढले. कालव्याला पाणी सोडणाऱ्याला लोक ओळखतात, रेषा ओढणाऱ्याला कोण ओळखणार. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती आता जुनी झाली.

एका सकाळी मागच्या अंगणात मोगऱ्याला पाणी घालताना बायको घसरून पडली. हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही, पण तिला उठता येईना. गुडघे आधीच कुरकुरणारे, त्यात फरशी ओली. मी धावत गेलो, मागून तिच्या काखेत हात घातले आणि मोठ्या हिमतीने ओढलं. ती तसूभरही हलली नाही. माझी कंबर मात्र हलली. अशी कळ आली की मीही तिच्या शेजारी बसलो. ओल्या फरशीवर आम्ही दोघं नवराबायको समोरच्या भिंतीकडे बघत बसलो होतो आणि पाइपातलं पाणी आमच्या खालून वाहत होतं.

"कुणाला तरी हाक मारा," ती म्हणाली.

मी मारली. शेजारचे इंजिनिअर आले आणि त्यांच्याकडे पाण्याचे जार टाकायला आलेला एक दणकट माणूस आला. "मॅडम, सावकाश, आमच्यावर भार द्या," म्हणत दोघांनी तिला उचलून उभं केलं. तिने दोघांना नीट 'थँक्यू' म्हटलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. जिच्या चपलांचा आवाज ऐकून आठवीचा वर्ग गप्प व्हायचा, तिला ओल्या गाऊनमध्ये परक्या माणसांनी काखेत धरून उचललं होतं.

त्या दिवसापासून ती जमिनीवर बसेना. विळीवर भाजी चिरायची, ती आता ओट्यावर सुरीने चिरायला लागली. पेपर फरशीवर पसरून वाचायची, तो खुर्चीत आला. रविवारी विहारात बायकांची बैठक असते, तिथे जाणंच बंद झालं. "सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीवर, ते काय चांगलं दिसतं का," असं म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. खाली बसलो आणि उठता आलं नाही, तर पुन्हा चारचौघांत कुणीतरी उचलणार, ही तिला धास्ती होती. ती तिने बोलून दाखवली नाही. मीही कधी "मी आहे ना" असं म्हटलं नाही, कारण त्या सकाळी मी होतोच की. मला ते फार लागलं होतं. आपली बायको पडली तर तिला उचलता यावं, एवढी साधी गोष्ट मला येत नव्हती.

म्हणून मी जिम लावली. सिमेंटच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. घरी सांगितलं, गोदावरीच्या घाटावर फिरायला जातो. हे वय जिमचं नाही असं ती म्हणाली असती आणि मला ते पटलं असतं, म्हणून विचारण्याच्या भानगडीतच पडलो नाही.

तिथला ट्रेनर तिशीतला, देगलूरकडचा, घरी तेलुगू बोलणारा. स्वतःच्या पोटऱ्यांवर त्याचं अतोनात प्रेम. बोलायचा तेही आरशाकडे बघून, त्यामुळे तो माझ्याशी बोलतोय की पोटरीशी, हे सुरुवातीला कळत नसे.

"काका, तुमाला काय करायचंय? पोट कमी का बॉडी?"

"जमिनीवरचं वजन उचलायचंय."

"किती?"

बायकोचं वजन परक्या माणसाला सांगणं बरं दिसेना. "बरंच," मी म्हणालो.

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. खास जिमसाठी घेतलेले, टाचेखाली जाडजूड स्पंज. "हे काढा आदी," तो म्हणाला. "गादीवर उभं ऱ्हाऊन कुनी पोतं उचलतंय का? हे पळायचे बूट हायेत. वजन उचलायला पायाखाली जमीन लागती." मी बूट काढले. एका मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा जगाकडे बघत होता. "मोजे बी काढा. सरकतेत." पहिल्या दिवसाचा व्यायाम म्हणजे बूट आणि मोजे काढणं, एवढाच झाला म्हणायला हरकत नाही.

मग तो खाली बसला आणि माझ्या पावलाला तीन ठिकाणी बोट लावलं. अंगठ्याच्या बुडाशी, करंगळीच्या बुडाशी आणि मागे टाचेला. "हे, हे आन् हे. पावलाला तीन पाय हायेत, काका. तिन्ही टेकले पायजेत. एक जरी सुटला की कंबर गेली समजा."

मला हे एकदम पटलं. मोजणीच्या प्लेन टेबलालाही तिपाई असते आणि तिचा एक पाय काळ्या मातीत रुतला की अख्खा नकाशा वाकडा येतो. मी जन्मभर तिपाया सरळ करत आलो आणि माझ्याच अंगाखाली दोन तिपाया आहेत, याचा पत्ता नव्हता.

बाकीचं शिक्षण असं. लोखंडी दांडा जमिनीवर. पावलं कमरेच्या रुंदीइतकी लांब. बोटं जराशी बाहेर. "किती अंश?" मी विचारलं. "जराशी," तो म्हणाला. मी मनात पंधरा धरले. दांडा पावलाच्या मध्यावर यायला हवा, नडगीला जवळजवळ चिकटून. तो लांब राहिला की आपल्याला पुढे ओढतो आणि आपण चवड्यावर जातो. गुडघे बोटांच्या दिशेलाच वाकायचे, आत पडायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दांडा वर ओढायचा नाही. पायांनी जमीन खाली दाबायची, दांडा आपोआप येतो. हे वाक्य त्याने आरशाकडे न बघता सांगितलं, म्हणून ते महत्त्वाचं असणार.

माझी खोड एकच. जोर लावला की टाचा उचलायच्या. लहानपणी आम्ही टाचा टेकवून उकिडवे बसून तासन्‌तास गोट्या खेळायचो. मग नोकरीने स्टूल दिलं, त्याच्या दांडीवर पाय ठेवून चवड्यावर आयुष्य गेलं. घराने कमोड दिला. टाचेला काही कामच उरलं नाही. त्या अंगणातल्या सकाळीही मी चवड्यावरच होतो, हे मला जिममध्ये कळलं.

आता घोटाळा सांगतो. ट्रेनरची मराठी शांत असताना चांगली होती. पण समोरच्याने दांड्याला हात घातला की हा पेटायचा आणि तोंडातून काहीही निघायचं. मी पहिल्यांदाच जरा जड वजन घेतलं, दात खाल्ले, दांडा हलला, आणि हा मागून ओरडला, "मडम खाली! मडम खाली!"

मी दांडा टाकला. घाटावर फिरायला गेलेल्या माणसाच्या मागावर मॅडम जिमच्या खाली येऊन उभ्या, याशिवाय दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. खिडकीशी जाऊन डोकावलो. खाली सिमेंटची गाडी रिकामी होत होती. मॅडम नव्हत्या.

"काय झालं, काका?"

"कुठंय?"

"काय कुठंय? खाली, खाली," त्याने फरशीकडे बोट दाखवलं.

मी अनवाणी जिना उतरून खाली गेलो. दुकानात चौकशी केली. कुणी बाई आल्या होत्या का, दरारा असलेल्या? नाही म्हणाले. वर आलो तर ट्रेनर काळजीने म्हणाला, "काका, बाथरूम वरच हाय. त्यासाठी खाली कशाला जाऊन राहिले?"

असं आणखी दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी खिडकीकडे गेलो नाही. मला निराळाच उलगडा झाला होता. हा माणूस मलाच मॅडम म्हणतोय. वजन कमी उचलतो म्हणून चिडवतोय, आणि कोपऱ्यातली पोरं उगाच हसत नाहीयेत. जन्मभर 'मॅडमचे मिस्टर' हे ऐकून घेतलं होतं. आता खुद्द मॅडमच व्हायची वेळ आली, तेही पदरच्या पैशाने. माझं डोकं फिरलं. मी जिम सोडली आणि खरोखर घाटावर फिरायला जाऊ लागलो. तिथे मला फार कंटाळा यायचा.

एका संध्याकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. बायकोने दार उघडलं.

"काका हायेत का?"

आमच्या दारात येऊन माझी चौकशी करणारा हा कित्येक वर्षांतला पहिला माणूस. बायको क्षणभर गोंधळलीच. "कोण काका?"

"तुमचेच की. लई दिवस झाले, जिमला येऊन न्हाई राहिले. तब्येत बरी हाय ना म्हनून बघाय आलो."

"जिमला," बायको म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला की मला दप्तर घेऊन वर्गाबाहेर उभं राहावंसं वाटलं. तिने त्याला आत घेतलं, चहा ठेवला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बोला."

मी म्हणालो, आधी यांना विचार, हे मला काय म्हणतात ते. माणसाने वयाचा तरी मान ठेवावा.

"मी? काकाला?" ट्रेनरचा चेहरा पडला.

"मॅडम म्हणत नाही? मॅडम खाली, मॅडम खाली असं सगळ्यांसमोर ओरडत नाही?"

तो काही बोलायच्या आत बायको हसायला लागली. नुसती हसली नाही, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ती पडल्यापासून घरात तो आवाज ऐकला नव्हता. मी रागात होतो, पण माझा राग तिथेच विरघळला.

"अहो, मडम म्हणजे टाच," ती म्हणाली. "तेलुगूत टाचेला मडम म्हणतात. माझी पहिली नोकरी देगलूरकडच्या खेड्यात, विसरलात? पहिल्याच आठवड्यात एक पोरगी रडत आली. मडम, मडम. मी म्हटलं, हो बाळा, बोल. ती आपली मडम, मडम. मी म्हणतेय, अगं मीच मॅडम, पुढं काय ते सांग. शेवटी तिने पाय वर केला. टाचेत बाभळीचा काटा."

ट्रेनरने कपाळावर हात मारला. "आता कळलं, काका खिडकीकडं का पळून राहिले ते. मॅडम, काका वजन चांगलं उचलतेत बरं का. टाचंचं तेवढं सोडा. पन कशापायी उचलतेत ते काय सांगत न्हाईत."

बायको माझ्याकडे वळली. हसू अजून चेहऱ्यावर होतं. "कशापायी?"

मला दुसरं काही सुचलंच नाही. "तू पुन्हा पडलीस तर," मी म्हणालो.

हसू गेलं. ती उठली, चहा गाळायला गेली आणि बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा कप ठेवता ठेवता म्हणाली, "मी काय पोतं आहे?"

यावर गप्प बसायचं असतं हे मला चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं आहे. ट्रेनरचं लग्न व्हायचं होतं. तो म्हणाला, "पोत्यापेक्षा मानूस सोपा पडतो, मॅडम. पोत्याला पाय नस्तेत. तुमचे बी तळपाय टेकवा, काकाचे बी टेकवा. दोघांनी मिळून जमीन दाबायची. एकट्यानं ओढलं की दोघं बी बसतेत खाली."

हे त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उजळ माथ्याने जिमला जाऊ लागलो आणि घरी सरावाला मॅडम उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात ज्वारीचा डबा जमिनीवर ठेवायचा आणि तो उचलायचा. माझ्या दोन्ही टाचांखाली ती पेपराचा कागद सरकवायची आणि मी जोर लावला की कागद ओढून बघायची. कागद निघाला म्हणजे टाच उचलली. "पुन्हा," ती म्हणायची. शाळेत तिच्या हाताखाली काम केलेल्या शिक्षकांबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा कळवळा आला. हळूहळू कागद निघेनासा झाला. फाटायचा, पण निघायचा नाही. एकदा राशिभविष्याचं पान असं मधोमध फाटलं की माझी रास माझ्या पायाखाली आणि तिची तिच्या हातात राहिली.

पण खाली बसून बघू या, मी उचलतो, म्हटलं की ती ऐकायची नाही. "पडेन तेव्हा बघू," म्हणायची. डब्यावर तिचा विश्वास बसला होता, माझ्यावर नाही. मी जोर धरला नाही. धरला असता तर एखादवेळेस ती बसलीही असती, आणि उचलता आलं नसतं तर? त्याची मलाही भीती होतीच.

तिच्या धाकट्या बहिणीने लातूरला घर बांधलं. गृहप्रवेशाला आम्ही सकाळच्या गाडीने गेलो, लोहा, अहमदपूर, चाकूर करत. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, पांढऱ्या साड्यांनी खोली भरून गेली होती. भंतेजींनी वंदना घेतली, परित्राणपाठ झाला. मागच्या भिंतीशी म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बायको बसली. तिच्या एका बाजूला नव्वदीच्या आजी आणि दुसऱ्या बाजूला पायाला प्लॅस्टर घातलेले एक गृहस्थ होते.

खीर वाटून झाली, माणसं पांगली. तिच्या दोघी बहिणी आणि मावसबहिणी सतरंजीवर गोल करून बसल्या. बायको खुर्ची जरा पुढे ओढून त्यांच्याजवळ बसली, पण खुर्ची ती खुर्चीच. त्या खाली डोकी जुळवून कुठल्यातरी जुन्या मामीच्या चालण्याची नक्कल करत होत्या. एकदम सगळ्या खिदळल्या.

"काय म्हणालीस?" बायकोने वरून विचारलं.

"काही न्हाई, अक्का. मामीचं आपलं."

पुन्हा खुसफुस, पुन्हा हसू. "काय गं?" तिने पुन्हा विचारलं. धाकटीने मोठ्या आवाजात सांगितलं. मोठ्या आवाजात सांगितल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको तरीही हसली. मी दारात खिरीची वाटी घेऊन उभा होतो आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात तिने पर्स खुर्चीवर ठेवली. खुर्चीच्या हाताला धरलं, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि सतरंजीवर बसली. बहिणींनी तिच्यासाठी सरकून जागा केली, जणू ती रोजच बसत होती. बसल्यावर तिने एकदाच मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ सरळ होता. लांब जाऊ नका.

मी वाटी ठेवली. पुढचा वेळ मी त्या दारातून हललो नाही. साडूभाऊ दोनदा बोलवायला आला, त्याला काहीबाही सांगून परत पाठवलं. माझ्या तळहातांना घाम आला होता. जिममध्ये कधी आला नव्हता.

जेवणाची हाक आली. सगळ्या उठल्या, ती तेवढी राहिली. दोघी बहिणींनी वाकून हात पुढे केले. "थांबा," ती म्हणाली, "ते येतील."

मी गेलो. नवी गुळगुळीत फरशी, तिच्यावर सतरंजी सरकणार, म्हणून आधी सतरंजीचं टोक बाजूला केलं. सगळे बघत होते. बघू देत म्हटलं. तिला गुडघे वाकवून तळपाय जवळ घ्यायला सांगितले. तिच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना माझी पावलं टेकवली. तिने माझे दंड धरले, मी तिचे.

"टाचा," मी हळूच म्हणालो.

"तुमच्या बघा," ती म्हणाली.

मी ओढलं नाही. जमीन दाबली. तिनेही दाबली असणार, कारण क्षणभर आम्ही दोघंही जिथल्या तिथे थरथरलो आणि मग ती वर आली. सरळ, माझ्यासमोर. कुठेतरी कट्ट आवाज झाला.

"तुमचं की माझं?" तिने विचारलं.

"माझं," मी म्हणालो. कुणाचं होतं ते मला अजूनही माहीत नाही. मला इतका आनंद झाला होता की कंबर मोडली असती तरी कळलं नसतं. तिने पदर सारखा केला आणि "चला, पानं वाढा," असं म्हणून पुढे गेली.

जेवण झाल्यावर साडूभाऊने मला गच्चीवर नेलं. पाण्याची टाकी दाखवली, मी गच्चीच्या उतारात दोन चुका काढल्या, त्याने त्या आनंदाने ऐकून घेतल्यासारखं केलं. गप्पांत वेळ गेला. नांदेडची गाडी गाठायची होती, म्हणून घाईने खाली आलो.

हॉलच्या दारात थांबलो. खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. बायको सतरंजीवर होती, दाराकडे पाठ करून, पाय लांब पसरून. ती कधी बसली, कुणाला विचारून बसली, मी कुठे आहे हे तरी तिने बघितलं का, काही पत्ता नव्हता. मामीची नक्कल आता तीच करत होती आणि बाकीच्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

"अगं, गाडीची वेळ झाली," मी म्हणालो.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "उद्या जाऊ," ती म्हणाली. "आम्ही बसलोय."